बर्फ किती पडला ते नंतर बघा: स्की रिसॉर्टचा रोजचा अहवाल आणि हवामानाचा अंदाज कसा वाचायचा

स्की रिसॉर्टचं ॲप उघडलं की सगळ्यात मोठ्या अक्षरांत दिसतो तो बर्फाचा आकडा. माथ्यावर १८० सेंमी, पायथ्याला ६० सेंमी, गेल्या २४ तासांत १५ सेंमी. नवखी मंडळी तेवढंच वाचतात आणि उत्साहाने निघतात. वर पोचल्यावर कळतं की माथ्याकडे जाणाऱ्या लिफ्ट बंद आहेत, उतार टणक झालाय आणि ढगात चार हातांवरचंही दिसत नाही. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट सकाळी त्याच अहवालात होती, फक्त खाली, बारीक अक्षरांत.

दिवस कसा जाणार हे बर्फाच्या जाडीपेक्षा वारा, रात्रीचं तापमान आणि उजेड या तीन गोष्टी जास्त ठरवतात. म्हणून खाली दिलेला क्रम रिसॉर्टच्या पानावरच्या क्रमासारखा नाही. बर्फाचा आकडा मुद्दाम मागे ढकलला आहे.

हा लेख पहिल्या-दुसऱ्या हंगामातल्या लोकांसाठी, रिसॉर्टने खांब रोवून आखलेल्या उतारांवर स्कीइंग करणाऱ्यांसाठी आहे. आखलेल्या उतारांबाहेर जायचं असेल तर लेख वाचून भागत नाही, त्यासाठी प्रशिक्षण आणि जाणकार गाइड लागतो.

आधी हे हाताशी ठेवा

- रिसॉर्टचं अधिकृत ॲप. लिफ्ट बंद-चालूच्या सूचना सुरू करून ठेवा.
- उंचीनुसार अंदाज देणारी हवामानाची दोन वेगवेगळी संकेतस्थळं.
- त्या भागासाठी रोज निघणारं हिमस्खलनाचं पत्रक.
- उतारांचा नकाशा, शक्यतो कागदी. नाहीतर फोनमध्ये उतरवून घेतलेला.
- रिसॉर्टच्या वेबकॅमची पानं, विशेषतः माथ्यावरच्या कॅमेऱ्याचं.
- लिफ्टचा पास, ओळखपत्र, विम्याच्या कागदांची प्रत.
- स्की गस्ती पथकाचा आणि बचाव यंत्रणेचा नंबर, फोनमध्ये आणि कागदावरही.

यातल्या दोन गोष्टींबद्दल थोडं जास्त. साध्या प्रवास विम्यात स्कीइंग बहुतेक वेळा धरलेलं नसतं, ते वेगळं घ्यावं लागतं. घेतलं तरी अटी वाचा: डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च, हेलिकॉप्टरचा खर्च, आखलेल्या उताराबाहेर अपघात झाला तर काय, बंद उतारावर गेलात तर काय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा ‘काही मिळणार नाही’ असंच असतं. दुसरी गोष्ट फोनची. थंडीत बॅटरी बघता बघता उतरते, कधी ३० टक्क्यांवरून थेट बंद पडते. फोन बाहेरच्या खिशात ठेवू नका, आतल्या, अंगाजवळच्या खिशात ठेवा.

१. अहवाल कधीचा आणि कुठल्या उंचीवरचा, ते बघा

प्रत्येक अहवालावर वेळ असते. बहुतेक ठिकाणी नोंदी पहाटे घेतात आणि लिफ्ट सुरू होण्याआधी प्रसिद्ध करतात. वेळ आदल्या संध्याकाळची दिसली, तर रात्रभरात जे घडलं ते त्यात नाही. वेळ पहाटेची असेल आणि बर्फ सात वाजता सुरू झाला असेल, तर तोही त्यात नाही. जुन्या वेळेचा अहवाल वाचून निर्णय घेण्यापेक्षा पाच मिनिटं वेबकॅम बघितलेला बरा.

मग उंची. माथा आणि पायथा यांत १००० मीटरचा फरक असणं अगदी नेहमीचं आहे आणि तेवढ्या फरकात हवामान वेगळंच असू शकतं. शिकाऊ उतार बऱ्याचदा पायथ्याशी असतात. तुम्ही पहिले चार दिवस तिथेच असणार असाल तर माथ्यावरचे १८० सेंमी तुमच्या कामाचे नाहीत, तुमचा आकडा ६० चा. काही रिसॉर्टमध्ये मात्र शिकाऊ उतार मधल्या स्थानकावर असतात, तिथे लिफ्टने चढून जावं लागतं आणि परतही लिफ्टनेच यावं लागतं. तुमच्या स्की शाळेचा वर्ग कुठे भरतो ते नकाशावर शोधा, त्याची उंची लिहून ठेवा आणि यापुढे प्रत्येक आकडा त्या उंचीसाठी वाचा.

२. वारा

माझ्या मते अहवालातली ही सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे आणि हीच सगळ्यात कमी वाचली जाते.

पहिल्यांदा एकक तपासा. कुठे ताशी किलोमीटर, कुठे ताशी मैल, कुठे सेकंदाला मीटर, तर कुठे नॉट. सेकंदाला १५ मीटर हा आकडा दिसायला किरकोळ वाटतो, पण त्याचे ताशी ५४ किलोमीटर होतात. एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर. मग बघा की दिलेला वेग सरासरी आहे की झोताचा. सरासरी ३० आणि झोत ६५ अशा दिवशी लिफ्टचं भवितव्य झोत ठरवतात.

कितीच्या वाऱ्याला लिफ्ट बंद होते याचा सगळीकडे लागू पडणारा आकडा नाही. लिफ्टचा प्रकार, दोरखंड जमिनीपासून किती उंच जातो, वारा आडवा लागतो की समोरून, रिकाम्या खुर्च्या किती झुलतात, यावर ते ठरतं. पण क्रम बहुधा ठरलेला असतो. उघड्या धारेवरून जाणाऱ्या उंच गोंडोला (दोरखंडाला लटकणाऱ्या बंद केबिन) आणि चेअरलिफ्ट (लटकत्या खुर्च्या) आधी बंद होतात, झाडीतून जाणाऱ्या चेअरलिफ्ट तग धरतात आणि जमिनीवरून ओढून नेणाऱ्या लिफ्ट सगळ्यात शेवटपर्यंत चालतात. म्हणून वाऱ्याच्या दिवसाचा बेत झाडीच्या पट्ट्यात आखायचा. झाडांमुळे वारा कमी लागतो आणि नजरही ठरते.

दिशाही वाचा. वायव्येचा वारा म्हणजे वायव्येकडून येणारा. तो वायव्येकडच्या उतारांवरचा ताजा बर्फ खरवडून नेतो आणि धारेच्या पलीकडे, आग्नेयेच्या उतारांवर आणून टाकतो. ताजा कोरडा बर्फ ताशी २५-३० किलोमीटरच्या पुढे उडायला लागतो. त्यामुळे ‘२० सेंमी ताजा बर्फ’ असं लिहिलेल्या दिवशीही एका बाजूला जुना टणक थर उघडा पडलेला आणि दुसऱ्या बाजूला अर्धा मीटर साचलेला असू शकतो. आखलेल्या उतारांवर हे फक्त गैरसोयीचं असतं. बाहेर हेच साचलेले थर घात करतात, त्याबद्दल पुढे.

शेवटी थंडी. थर्मामीटर उणे १० दाखवत असेल आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला ते उणे २० सारखं लागतं. हा ‘जाणवणारा’ आकडा उणे २८ च्या खाली गेला की उघड्या त्वचेला १० ते ३० मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. नाकाचा शेंडा, गाल आणि कानाच्या पाळ्या आधी जातात. आणि एक गोष्ट अहवालात कधीच नसते: वारा शून्य असला तरी तुम्ही स्वतः ताशी ३० किलोमीटरने उतरत असता तेव्हा तोंडावर तेवढाच वारा लागतो. चेअरलिफ्टवर दहा मिनिटं हालचाल न करता बसणं हा दिवसातला सगळ्यात गार भाग असतो. कपडे त्या दहा मिनिटांचा विचार करून घाला, थरांवर थर, म्हणजे खाली आल्यावर एखादा काढता येतो.

३. तापमान: आत्ताचं नको, रात्रीचं बघा

सकाळी साताला किती अंश आहे याला फार अर्थ नाही. काल दुपारी किती होतं, रात्री किती खाली गेलं आणि आकाश निरभ्र होतं का, हे तीन प्रश्न विचारा.

काल दुपारी तापमान शून्याच्या वर गेलं असेल आणि रात्री निरभ्र आकाशाखाली ते खूप उतरलं असेल, तर पहाटे उतारांचा पृष्ठभाग टणक गोठलेला असतो. अशा सकाळी नवख्याने नऊला पळत सुटण्यात काही शहाणपणा नाही. स्कीच्या कडा बर्फात धरत नाहीत, पडलं तर लागतं. दीड-दोन तास थांबा. उत्तर गोलार्धात पूर्वेकडे तोंड असलेले उतार आधी मऊ होतात, मग दक्षिणेचे, दुपारी पश्चिमेचे. दक्षिण गोलार्धातल्या रिसॉर्टमध्ये उन्हाची बाजू उत्तरेची. हंगामाच्या शेवटी तर सगळा खेळच या क्रमाचा असतो: वरचे दोन-तीन सेंमी भरड मिठासारखे सुटे झाले की तासभर अप्रतिम मजा येते, मग बर्फ ओला आणि जड होतो आणि गुडघ्यांवर ताण येतो. तो तास गाठायचा असेल तर उन्हाबरोबर पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत राहायचं.

रात्री ढग असतील तर गोष्ट उलटी होते. ढग जमिनीची उष्णता धरून ठेवतात, बर्फ नीट गोठत नाही आणि सकाळपासूनच तो बसका, ओला लागतो.

अंदाजात ‘शून्य अंशाची पातळी’ नावाचा आकडा असतो. तेवढ्या उंचीवर हवा शून्य अंशाला पोचते. पाऊस आणि बर्फ यांची सीमा साधारण त्याच्या २०० ते ३०० मीटर खाली असते, कारण पडणाऱ्या हिमकणांना वितळायला थोडं अंतर लागतं. जोरदार वृष्टीत ही सीमा आणखी खाली येते, कारण वितळणारा बर्फ आजूबाजूची हवा गार करतो. समजा, शून्य अंशाची पातळी २१०० मीटरवर आहे आणि तुमचा पायथा १५०० मीटरवर. म्हणजे पायथ्याला पाऊस, वर बर्फ आणि मधे चिकट मिश्रण. वॉटरप्रूफ जाकीट कपाटातून काढायचा हाच दिवस.

पातळी माहीत नसेल तर अदमास असा घ्या: दर १००० मीटर चढाईला हवा सरासरी ६.५ अंशांनी गार होते. पायथ्याला उणे २, तर हजार मीटर वर साधारण उणे ८ किंवा ९. शांत, निरभ्र सकाळी मात्र हे गणित उलटू शकतं. जड गार हवा रात्री दरीत साठते, पायथ्याला उणे १२ आणि माथ्यावर उणे ४ असं चित्र दिसतं. खाली धुकं आणि वर लख्ख ऊन, हाही त्याच प्रकाराचा भाग. खिडकीतून धुकं दिसलं म्हणून बेत रद्द करू नका, माथ्यावरचा कॅमेरा बघा.

४. उजेड

आकाश पूर्ण ढगाळ असताना, विशेषतः झाडांच्या पट्ट्याच्या वर, सावल्या नाहीशा होतात. उंचवटा, खळगा, उताराचा कोन, काहीच कळत नाही. यात घेरी आल्यासारखंही होतं, कधी आपण थांबलोय की सरकतोय हेसुद्धा समजत नाही. अहवालात यासाठी ‘सपाट उजेड’, ‘दृश्यमानता कमी’ असे शब्द येतात. नवख्यांसाठी हा दिवस वाऱ्याइतकाच वाईट. उपाय दोनच: झाडीत उतरा, किंवा उताराच्या कडेला रोवलेल्या खांबांच्या जवळून हळू चला.

गॉगलच्या काचेवर शून्य ते चारपैकी एक वर्ग लिहिलेला असतो. लख्ख उन्हासाठी वर्ग ३, ढगाळ दिवसासाठी वर्ग १, पिवळसर किंवा गुलाबी छटेची. एकच घ्यायची असेल तर वर्ग २ घ्या, ती दोन्हीकडे थोडी कमी पडते पण चालते. दर १००० मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. म्हणजे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही सनस्क्रीन लागतं. ढगाळ दिवशीही.

५. लिफ्ट आणि उतारांची यादी

‘१८ पैकी १२ लिफ्ट चालू’ या वाक्याने समाधान मानू नका. कुठल्या सहा बंद आहेत ते बघा. त्यात दोन दऱ्या जोडणारी लिफ्ट असेल तर अर्धं रिसॉर्ट तुमच्यासाठी नाहीच. मोठ्या, एकमेकांना जोडलेल्या रिसॉर्टमधला सगळ्यात नेहमीचा सापळा इथेच आहे. सकाळी वारा नसताना पलीकडच्या दरीत जायचं, दुपारी वारा वाढल्यावर जोडलिफ्ट बंद होते आणि मग परतीचा रस्ता डोंगराला वळसा घालून गाडीने. हवामान बिघडणार असं अंदाजात असेल त्या दिवशी आपल्याच दरीत राहा.

‘थांबवलेली’ आणि ‘बंद’ यांत फरक आहे. थांबवलेली लिफ्ट वारा पडला किंवा गस्ती पथकाचं काम झालं की सुरू होऊ शकते. बंद म्हणजे आजच्यापुरती बंद.

उतारांच्या यादीत रात्री यंत्राने दाबून सारखे केलेले उतार वेगळ्या खुणेने दाखवतात. सुरुवातीला फक्त तेच निवडा. रंगांच्या बाबतीत सावध राहा. युरोपात हिरवा, निळा, लाल, काळा असा चढता क्रम, काही देशांत हिरवा नसतोच. उत्तर अमेरिकेत हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, काळा चौकट-आकार (पत्त्यांतल्या चौकटसारखा) आणि त्याहून अवघड दोन काळे चौकट-आकार, लाल रंग नाही. जपानमध्ये हिरवा, लाल, काळा. शिवाय प्रत्येक डोंगर आपले रंग आपल्यापुरते ठरवतो. एका ठिकाणचा निळा दुसऱ्या ठिकाणच्या लालाइतका उभा असू शकतो, आणि टणक गोठलेला निळा मऊ बर्फातल्या लालापेक्षा अवघड जातो.

पायथ्यापर्यंत येणारा शेवटचा उतार उघडा आहे का, हे वेगळं बघा. बर्फ कमी असला की तो आधी बंद होतो, मग संध्याकाळी खाली येण्यासाठी गोंडोलाची रांग. उघडा असला तरी दिवसअखेरीस तो गर्दीने खरवडलेला, ढिगाऱ्यांचा आणि दमलेल्या लोकांनी भरलेला असतो. पाय थकले असतील तर गोंडोलाने खाली यायला लाजू नका.

६. आता बर्फाचे आकडे

आकडे चार प्रकारचे असतात आणि ते एकमेकांत मिसळले जातात.

तळाची जाडी म्हणजे जमिनीवर एकूण किती बर्फ साचलाय. गवताळ, गुळगुळीत उतारावर ३०-४० सेंमी दाबलेला बर्फसुद्धा चालतो. खडकाळ डोंगरावर एक मीटरनेही सगळे दगड झाकले जात नाहीत. हा आकडा फक्त एका प्रश्नाचं उत्तर देतो: दगड लागतील का?

ताजा बर्फ म्हणजे गेल्या २४ तासांतला. इथे ‘रात्रभरात’, ‘२४ तासांत’, ‘४८ तासांत’ आणि ‘७ दिवसांत’ हे शब्द नीट वाचा. सात दिवसांतले ४० सेंमी म्हणजे आज ४० सेंमी नव्हे. ताजा बर्फ स्वतःच्या वजनाने बसतो, त्यावरून माणसं जातात, वारा फिरतो. हंगामाची बेरीज हा आकडा तर आजच्या दिवसाबद्दल काहीच सांगत नाही, तो गप्पांसाठी ठेवा.

सेंमीइतकंच महत्त्व बर्फातल्या पाण्याला. ढोबळ हिशेब असा की १० मिमी पाऊस म्हणजे १० सेंमी बर्फ. पण शून्याच्या आसपास पडलेला बर्फ ओला आणि जड असतो, तेवढ्याच पाण्याचे पाच-सात सेंमीच होतात. बऱ्याच थंडीत तेच पाणी १५-२० सेंमी हलका बर्फ होऊन पडतं. नवख्या माणसाला २० सेंमी ओला बर्फ दिवसभर पायांत अडकवतो. अनुभवी लोक ज्या सकाळी आनंदाने ओरडत सुटतात, ती शिकाऊ माणसासाठी चांगली असेलच असं नाही. यंत्र फिरून गेलेल्या उतारावर दोन-चार सेंमी ताजा बर्फ, ही खरी शिकण्याची सकाळ.

नैसर्गिक बर्फ कमी असेल तर यंत्राने तयार केलेला असतो. त्यासाठी फक्त थंडी पुरत नाही, हवा कोरडीही लागते, कारण फवारलेल्या थेंबांतलं थोडं पाणी उडून उरलेलं गार होतं. हवेची आर्द्रता जमेस धरून मोजलेलं ‘ओल्या बल्बचं’ तापमान साधारण उणे २-३ च्या खाली जावं लागतं. हा बर्फ दाट असतो, जास्त टिकतो आणि थंडीत लवकर टणक होतो.

आणि हो, हे आकडे रिसॉर्ट स्वतःच देतं, ज्याला तुम्ही यावं असं वाटत असतं. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या जोनाथन झिनमन आणि एरिक झिट्झविट्झ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी रिसॉर्टचे आकडे सरकारी हवामान नोंदींशी ताडून पाहिले. रिसॉर्टच्या हिशेबाने शनिवार-रविवारी जास्त बर्फ पडत होता. आभाळाला वार कळत नाही, हे सांगायला नकोच. लोकांना फोनवरून थेट डोंगरावरची परिस्थिती कळवता येऊ लागल्यावर ही फुगवाफुगवी कमी झाली. बर्फ मोजायच्या काठीवर रोखलेला कॅमेरा असेल तर तो उघडा. काठीखालची फळी रोज साफ करतात, त्यामुळे तिथे दिसतो तोच आजचा बर्फ.

७. गोड शब्दांमागचं वास्तव

अहवालातलं वर्णन जाहिरातीच्या भाषेत असतं. ‘दाबलेली पावडर’ म्हणजे बहुधा चांगला, सारखा, घट्ट बर्फ, पण तो तीन दिवसांपूर्वी दाबलेला असू शकतो. ‘घट्ट पृष्ठभाग’ किंवा ‘वेगवान परिस्थिती’ म्हणजे टणक, कडा धारदार करून या. ‘बदलती परिस्थिती’ म्हणजे सावलीत टणक, उन्हात मऊ आणि वाऱ्याच्या बाजूला खरवडलेलं, सगळं एकाच उतारावर. ‘वसंतातली परिस्थिती’ म्हणजे दुपारी पाण्यासारखा बर्फ. ‘हंगामाच्या सुरुवातीची परिस्थिती’ म्हणजे दगड, झुडपं आणि गवत दिसणार, स्वतःच्या नव्या स्की आणू नका, भाड्याच्या घ्या. ‘मर्यादित’ हा शब्द कुठेही दिसला तर त्याला ‘फारच कमी’ समजा.

८. हिमस्खलनाची पातळी

आखलेल्या, उघड्या उतारांची काळजी गस्ती पथक घेतं. पहाटे ऐकू येणारे स्फोट त्यांचेच असतात, धोकादायक बर्फ मुद्दाम पाडून मग उतार उघडतात. त्यामुळे मोठ्या हिमवृष्टीनंतर वरचे उतार उशिरा उघडतात. कुरकुर करू नका.

पत्रकात धोका पाच पातळ्यांत असतो: कमी, मध्यम, लक्षणीय, उच्च आणि अतिउच्च. युरोपात ही समान पट्टी १९९३ पासून आहे, उत्तर अमेरिकेतही पाचच पातळ्या आहेत. सापळा पातळी ३ चा आहे. पाचातली तीन म्हणजे मधली, म्हणून ‘ठीकच असेल’ असं वाटतं. पट्टी सरळ रेषेत चढत नाही, प्रत्येक पायरीला धोका झपाट्याने वाढतो. आल्प्समध्ये स्कीइंग करणाऱ्यांचे सर्वांत जास्त मृत्यू ३ च्याच दिवशी होतात, कारण ४ आणि ५ ला लोक घरी बसतात.

बहुतेक जीवघेणी स्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात आणि बळी पडणाऱ्यानेच किंवा त्याच्या सोबत्यानेच ती बहुधा सुरू केलेली असतात. युरोपात दोन आखलेल्या उतारांमधली, अगदी वीस पावलांवरची मोकळी जागासुद्धा सहसा ‘बाहेर’ धरली जाते. तिथे दुसऱ्याच्या स्कीच्या खुणा दिसल्या म्हणून ती सुरक्षित होत नाही. उत्तर अमेरिकेत रिसॉर्टच्या हद्दीतल्या, उघड्या असलेल्या भागाची काळजी घेतात, पण दोरीपलीकडे नाही. बाहेर जाणारे लोक अंगावर ट्रान्सीव्हर (गाडलेल्याला शोधायला संकेत देणारं-घेणारं यंत्र), पाठीवर फावडं आणि शोधकाठी बाळगतात, आणि ती वापरायचा सरावही केलेला असतो. गाडला गेलेला माणूस जिवंत सापडण्याची शक्यता पहिल्या १०-१५ मिनिटांनंतर वेगाने घसरते, म्हणजे त्याला सोबतचेच वाचवू शकतात. हे तुमच्याकडे नसेल तर पातळी कितीही असो, खांबांच्या आत राहा.

९. पुढच्या दिवसांचा अंदाज

पुढच्या दोन दिवसांवर भरवसा ठेवा. तीन ते पाच दिवसांत फक्त कल बघा: थंडी येतेय की ऊब, वारा वाढतोय का. आठवड्यानंतरचा ‘५० सेंमी’ हा आकडा करमणुकीसाठी आहे, त्यावर तिकीट काढू नका.

याचं कारण समजून घ्या. अंदाज काढणारी जागतिक संगणकीय मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडून गणित करतात. युरोपीय हवामान केंद्राच्या मॉडेलचा चौकोन साधारण ९ किलोमीटरचा, जीएफएस या अमेरिकी मॉडेलचा १३ किलोमीटरचा. तेवढ्यात एक अख्खी दरी आणि दोन शिखरं मावतात आणि मॉडेलला दिसते त्यांची सरासरी उंची. म्हणून फोनमधलं साधं हवामान ॲप रिसॉर्टच्या गावाचं नाव टाकल्यावर जे दाखवतं, ते धड गावाचं नसतं, धड माथ्याचं नसतं. उंची निवडता येणारं संकेतस्थळ वापरा आणि दोन संकेतस्थळं ताडून बघा. दोन्ही एकच सांगत असतील तर ठीक. एक ५ सेंमी आणि दुसरं ३० सेंमी म्हणत असेल, तर खरा अंदाज ‘अजून नक्की नाही’ हा आहे.

वाऱ्याची दिशा इथेही कामाला येते. ओलसर हवा डोंगराला धडकून वर चढते, गार होते आणि त्या बाजूला भरपूर बर्फ टाकते. पलीकडच्या बाजूला तीच हवा कोरडी होऊन, तापत खाली उतरते. आल्प्समध्ये तिला फॉन म्हणतात, रॉकी पर्वतात चिनूक. काही तासांत तापमान दहा-पंधरा अंशांनी चढवून ती बर्फाचा चिखल करू शकते. शेजारच्या दरीत हिमवृष्टी आणि तुमच्याकडे कोरडं, असं दिसलं तर यात रिसॉर्टचा दोष नाही. तुमचा डोंगर कुठल्या दिशेच्या वाऱ्याला भरतो, हे प्रशिक्षकाला विचारा. स्थानिक लोकांना ते पाठ असतं.

सहा दिवसांच्या मुक्कामात वादळ मधे येणार असेल तर विश्रांतीचा दिवस त्या दिवशी टाका आणि दुसऱ्या दिवशी लवकर उठा.

१०. एक सकाळ वाचून बघू

समजा, अहवाल असा आहे. वेळ पहाटे ५:३०. माथा २६०० मीटर, पायथा १५५०. ताजा बर्फ माथ्यावर २५ सेंमी, पायथ्याला ४. माथ्यावर वारा पश्चिमेचा, ताशी ४५ किलोमीटर, झोत ८०. काल दुपारी पायथ्याला अधिक ३, रात्री उणे ५. हिमस्खलन पातळी ४. दुपारी बारानंतर ढग पांगणार.

मोठ्या अक्षरातले २५ सेंमी सोडून द्या. झोत ८० म्हणजे माथ्याकडच्या लिफ्ट चालणार नाहीत, आणि पातळी ४ म्हणजे वारा पडला तरी वरचे उतार लगेच उघडणार नाहीत. पायथ्याला कालचा मऊ झालेला बर्फ रात्री गोठलाय, त्यावर यंत्र फिरलंय आणि वर ४ सेंमी ताजा आहे. तेव्हा शिकाऊ उतारांवर सकाळी नऊपासूनच बरं चालेल, फक्त खरवडल्या गेलेल्या जागी खालचा टणक थर लागेल. झाडीतली मधली चेअरलिफ्ट चालू असेल तर दहाला तिकडे. वर्ग १ ची काच लावून निघा, ३ ची खिशात. बाराला पुन्हा ॲप उघडा. जोडलिफ्ट सुरू झालेली दिसली तरी आज पलीकडच्या दरीत जाऊ नका, कारण ती दुसऱ्यांदा बंद झाली तर अडकाल.

दुपारचं हे दुसरं बघणं चुकवू नका. परिस्थिती दिवसातून दोनदा तरी बदलते आणि बरेच अपघात दमल्यावर, खरवडलेल्या उतारावर, घाईत होतात. शेवटच्या लिफ्टची वेळ सकाळीच लिहून ठेवा. ती फाटक बंद होण्याची वेळ असते. एकापाठोपाठ तीन लिफ्ट धरून घरच्या दरीत यायचं असेल तर प्रत्येकीची वेळ वेगळी असू शकते, तेव्हा पहिलीला किमान तासभर आधी पोचा.